कुंडलिकच्या गाडीचा हूक

दिवाळीपासून कुंडलिकच्या पिकअपला काम नव्हतं आणि पिकअप मात्र रोज धुतली जात होती. मालाड पूर्वेच्या त्या टेकडीवरच्या वस्तीत लोक एवढ्यावरून ओळखायचे. ज्याच्या गाडीला चिखल तो धंद्यात, ज्याची चकाचक तो नाक्यावर उभा. सात वर्षं एकाच दुकानाची भाजी तो पहाटे वाशीहून आणत होता. दुकानदाराच्या पोराने भाजी बंद करून मोबाइल विकायचं ठरवलं आणि कुंडलिकला सांगायचं राहून गेलं. माल घेऊन बंद शटरसमोर उभा राहिल्यावर त्याला ते कळलं. त्या दिवशी वस्तीत घरोघर कोथिंबीर फुकट गेली आणि उरलेली गटारात.

तेव्हापासून तो नाक्यावर. नाक्यावर आधीच अकरा पिकअप, वर मोबाइलवरून मागवायच्या छोट्या गाड्या वेगळ्याच. दिवसभर गुटखा, पत्ते आणि सरकारला शिव्या. कुंडलिक पत्ते खेळत नव्हता, म्हणून तो गाडी पुसत बसायचा.

त्याला भीती एकाच गोष्टीची होती. वीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या होत्या. मिसरूडही न फुटलेली पोरं त्याला 'ए ड्रायव्हर' म्हणायची आणि तो 'जी शेठ' म्हणायचा. पंचेचाळिशीला कुठे स्वतःची गाडी झाली, तिच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिता आलं. ही गाडी गेली की तो पुन्हा कोणाचा तरी ड्रायव्हर. बावन्नाव्या वर्षी. हे त्याने घरात बोलून दाखवलं नव्हतं, पण त्याच्या बायकोला, द्रौपदीला, सगळं ठाऊक होतं. रोज गाडी धुणाऱ्या नवऱ्याला ती बादली भरून द्यायची आणि तोंड दुसरीकडे करायची.

आणि मग एका सकाळी मोटरसायकलवरून एक पोरगा नाक्यावर आला. बारा गाड्यांच्या काचा बघत बघत तो कुंडलिकच्या गाडीपाशी थांबला.

"भाऊ, गाडी तुमचीच का?"

"माझीच. कुंडलिक नाव."

"मी नितेश, जयवंतशेठचा भाचा. शेठना नवीन कंत्राट लागलंय. ट्रेलर आपला, ओढायला गाडी तुमची. वर्षभराचं पक्कं काम. करणार?"

"करणार ना! का नाही करणार?"

"मग मागे हूक बसवून घ्या, लाइटची वायरिंग करून घ्या. सोमवारी यार्डात या. झकास काम आहे, टेन्शन नाही."

ट्रेलरवर काय असणार हे कुंडलिकने विचारलं नाही. विचारायचं कशाला? जयवंतशेठ म्हणजे जनरेटर, हे मालाडात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लग्नाचा मांडव असो की मढकडचं शूटिंग, चाकांवरचा पिवळा जनरेटर धडधडताना दिसला की तो त्यांचा. शिवाय जास्त चौकशी केली आणि पोरगा पलीकडच्या पिकअपकडे वळला तर काय घ्या? बाकीचे अकरा जण कान टवकारून बसलेच होते.

दुपारीच त्याने गाडी लवूच्या वर्कशॉपला लावली. वर्कशॉप म्हणजे पिंपळाखाली एक ताडपत्री, एक वेल्डिंगचं मशीन आणि स्वतः लवू. मालवणकडचा हा माणूस चाळीस वर्षं मुंबईत राहून गावचीच भाषा बोलायचा, आणि गिऱ्हाइकाला शिव्या घातल्याशिवाय कामाला हात लावत नसे.

"बंपरला मार हूक," कुंडलिक म्हणाला. "दोन तासांत होईल."

"बंपराक? खुळो मां तू?" लवूने बंपरवर टिचकी मारली. "ह्यो नुसतो पत्रो. पयल्या खड्ड्यात ट्रेलर बंपर घेवन जातलो आनि तू गाणी ऐकत फुडे. चासीक पट्टी मारूक व्हयी. दोनय बाजूक, बोल्टान."

दोन तासांचे दोन दिवस झाले. कुंडलिक पाठीवर पडून गाडीखाली शिरला. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, भोकं पाडताना गंज आणि लोखंडाचा चुरा डोळ्यांत पडायचा, तापलेला कण गळ्यापाशी शर्टात शिरायचा आणि खाली वळायलाही जागा नसायची. ड्रिलचे दोन बिट मोडले. कोपरं सोलली. चासीच्या दोन्ही अंगांना जाड पट्ट्या बसल्या, पट्ट्यांना आडवा लोखंडी दांडा, आणि दांड्याच्या मधोमध लिंबाएवढा नव्हे, चांगला मोसंब्याएवढा गोळा. ट्रेलरचं तोंड ह्या गोळ्यावर बसायचं. शेजारी साखळ्यांसाठी दोन कड्या. मागच्या स्प्रिंगच्या कमानींत एकेक पाटा वाढवला, ब्रेकचे लायनर बदलले, आरसे बाहेर काढून लांब केले. काम चोख झालं. द्रौपदीने खर्चासाठी कानातले काढून दिले होते, त्यामुळे ते चोख करणं भागही होतं.

तिसऱ्या दिवशी लवूने आपला मोडका छोटा ट्रेलर जोडला आणि त्यात पेव्हर ब्लॉक भरले. मुद्दाम सगळे मागच्या टोकाला. "चल, मार फेरी."

मोकळ्या रस्त्यावर गाडीने जरा वेग घेतला आणि मागचं धूड डावी-उजवीकडे झुलायला लागलं. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं झालं. कुंडलिकने घाबरून ब्रेकवर पाय नेला.

"ब्रेक नको! मेलंस! नुसतो पाय काढ!" शेजारी बसलेला लवू ओरडला. गाडी हळू झाली, झुलणं थांबलं. मग दोघांनी सगळे ब्लॉक उचलून पुढे रचले. तीच गाडी, तोच रस्ता, पण आता ट्रेलर शहाण्या जनावरासारखा मागून आला.

"बघलंस? वजन नाकाकडे व्हया. मागे गेला काय शेपूट हलतला." लवूने हात पुसले. "जनरेटर बरो. बोल्ट मारलो काय जाग्यावरसून हलना नाय."

रविवारी लवूचा ट्रेलर मागून आणून दिव्यांचं काम वस्तीतच केलं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे दिवा बघायचा. मुलगी नीलम हॉस्पिटलात नर्स, तिची ड्यूटी होती. द्रौपदी पोळी-भाजी केंद्रावर. घरात होते ते फक्त आबा, कुंडलिकचे वडील. वय ब्याऐंशी, कानाने ऐकू येणं जवळपास बंद. "म्या बसतो की," ते म्हणाले आणि धुतलेला सदरा घालून आले.

आबांनी जन्मात स्टिअरिंग धरलं नव्हतं. कुंडलिकने त्यांना कमरेला धरून वर चढवलं, त्यांचा पाय उचलून ब्रेकवर ठेवला. हाक ऐकू जाणार नव्हती म्हणून आरशात खूण करायची ठरली. हात वर केला की दाबायचं, खाली केला की सोडायचं. लवूच्या ट्रेलरचे दिवे लागले, विझले, लागले. डावीकडचा इंडिकेटर उजवीकडे लागत होता, ती वायर उलटी करून जोडली. आबा दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून समोर बघत होते, जणू गाडी चालूच आहे. शेजारच्या बाया हसल्या तसे तेही हसले.

"काय वढायचं रं हिनं?" खाली उतरताना त्यांनी विचारलं.

"जनरेटर, आबा!" कुंडलिकने कानाशी ओरडून सांगितलं. "लाइट करायची मशीन!"

"मंग चांगलं हाये. उजेडाचं काम हाये."

सोमवारी कुंडलिक यार्डात पोचला तेव्हा पिवळे जनरेटर रांगेने उभे होते. नितेश त्याला त्यांच्यामधून पार मागे घेऊन गेला. भिंतीला लागून एक ट्रेलर झाकलेला होता. नितेशने ताडपत्री ओढली.

नवाकोरा, बुटका ट्रेलर. पत्र्याची गुळगुळीत जमीन, मध्ये पाणी जायला भोक आणि त्याला बूच. मागचं फाळकं जमिनीपर्यंत उतरणारं. पुढच्या बाजूला हाताने फिरवायची विंच, तिच्यावर लोखंडी दोर गुंडाळलेला. सगळ्याला फिनेलचा वास. जनरेटर बोल्टाने बसवायची जागा कुंडलिक शोधत राहिला.

"मशीन कुठे बसणार?"

"कसली मशीन?"

"जनरेटर."

नितेशला हसू आलं. "अहो, हा जनरेटरचा नाही. मेलेल्या जनावरांचा. तबेल्यातल्या म्हशी, रस्त्यावरची गुरं. फोन आला की जायचं, उचलायचं, टाकायच्या जागी पोचवायचं. तुमच्या गाडीला डागसुद्धा नाही लागणार, सगळं मागच्या मागे."

कुंडलिकने ताडपत्री पुन्हा ट्रेलरवर ओढली. मग त्याने विचारलं, "नाक्यावर बारा गाड्या होत्या. माझ्याकडेच कसे आलात?"

"काचेवर वाचलं ना," नितेश सहज म्हणाला. "म्हटलं, तुम्हा लोकांना ह्यातलं माहिती असतं. बाकीचे नुसती नाटकं करतात."

पोरगा कुत्सितपणे बोलला असता तर कुंडलिकने त्याची कॉलर धरली असती. पण त्याच्या आवाजात कौतुक होतं. कौतुकाची कॉलर कशी धरायची, हे कुंडलिकला कळेना. "उद्या सांगतो," एवढंच म्हणून तो फिरला. घरी जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला मागचा रिकामा हूक डांबरावर घासला.

संध्याकाळी त्याने द्रौपदीला आणि नीलमला बाहेर पायरीवर बोलावलं. आत आबा टीव्ही बघत होते, आवाज पूर्ण चढवून. सगळं ऐकून झाल्यावर दोघींनी आधी आत आबांकडे बघितलं. कारण आबांची गोष्ट ह्या घरात प्रत्येकाला पाठ होती. जालन्याकडच्या गावात पाटलाचा बैल मेला. मेलेलं ढोर ओढणं म्हारवाड्याचं काम. आबांच्या बापाने दोर उचलला. अठरा वर्षांच्या आबांनी तो बापाच्या हातून हिसकावला आणि विहिरीत फेकला. बाबासाहेबांनी सांगितलंय, ढोर वढायचं नाही. बैल तीन दिवस पडून राहिला. चौथ्या दिवशी म्हारवाड्याला गिरणी बंद, दुकान बंद, रस्ता बंद. महिन्याभरात सगळं घर मुंबईत आलं आणि आबा गोदीत हमाली करू लागले. दर चौदा एप्रिलला वस्तीतली पोरं ही गोष्ट ऐकायला यायची.

"पप्पा," नीलम हळूच म्हणाली, "विंच आहे, ग्लोव्हज आहेत. मी हॉस्पिटलात काय करते? मेलेल्या माणसाला आम्हीच पुसतो, आम्हीच बांधतो. कोणीतरी करायलाच पाहिजे ना?"

"तुला ते काम तुझ्या शिक्षणाने दिलं. मला कशाने दिलं, सांग ना?"

उत्तर द्रौपदीने दिलं.

"आबांनी दोर टाकला, लई मोठं केलं," ती म्हणाली. "पण मुंबईत आल्यावर चार घरची खरकटी भांडी कोणी घासली? सासूबाईंनी. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही चौदा एप्रिलला. अहो, मी काय करा म्हणत नाही. नका करू. पण मग गाडी विकायची का, ते आजच सांगा. रोज बादली भरून देऊन माझा हात गळून गेलाय."

कुंडलिकला तिचा राग आला, आणि ती खरं बोलत होती म्हणून जास्तच आला.

मंगळवार, बुधवार तो नाक्यावर उभा राहिला. बुधवारी दुपारी पलीकडच्या पिकअपचा मालक शिवदास गाडी विकून गेला. सगळ्यांशी हात मिळवले, हसला, आणि रिक्षात बसल्यावर त्याने तोंड रुमालात घातलं. गुरुवारी सकाळी नितेशचा फोन आला. गोरेगावला तबेल्यात काल एक म्हैस गेलीय, तुम्ही येताय की दुसरा बघू? कुंडलिक म्हणाला, येतो. निघताना आबांनी विचारलं, आलं का मशीन? त्याने होकारार्थी मान हलवली.

ट्रेलर गोळ्यावर बसला, साखळ्या कड्यांत अडकल्या, दिवे लागले. गाडी अगदी तयार होती. तिच्यात काडीचाही दोष नव्हता.

तबेल्यात म्हैस शेवटच्या खुंट्याशी पडली होती. पाय ताठ, पोट फुगलेलं, डोळ्यावर माश्या. शेजारच्या म्हशी रवंथ करत होत्या. तबेल्याची माणसं अर्धगोल करून लांब उभी राहिली, नितेश त्यांच्याही मागे, तोंडाला रुमाल लावून. सगळे वाट बघत होते. आणि कुंडलिक हातमोजे चढवून त्या धुडासमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ह्यातलं आपल्याला ओ की ठो येत नाही. दोर कुठे घालतात? आधी डोकं की आधी पाय? सगळ्या बघणाऱ्यांना वाटत होतं की हे त्याच्या रक्तात आहे. रक्तात काही नव्हतं. ढोर कसं बांधतात हे त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्याने शिंगांना दोर घातला आणि विंच फिरवली. मान वळली, डोकं उलटं झालं, धड जागचं हलेना. मग एकदम घसरलं आणि फाळक्यावर आडवं अडकलं. कोणीतरी मागून म्हणालं, "नया है क्या?" तो खाली उतरला, खांदा लावला, ढकललं. शेणात पाय सरकून गुडघ्यावर पडला. तासाभराने म्हैस कशीबशी वर आली. फाळकं लावून त्याने मानेला दोर बांधला आणि हात कितीतरी वेळ नळाखाली धरले. वास जात नव्हता.

आरेच्या उतारावर स्टिअरिंग हलकं झालं. आरशात ट्रेलर एकदा डावीकडे दिसला, एकदा उजवीकडे. समोरून शाळेची बस येत होती. कुंडलिकने पाय काढला, फक्त काढला, आणि देवाला न मानणाऱ्या माणसाला जेवढं पुटपुटता येतं तेवढं पुटपुटला. बस अंगाला घासून गेल्यासारखी गेली. गाडी कडेला थांबली.

जनरेटर जागचा हलत नाही. म्हैस हलली होती. मानेवरचा दोर सुटून ती सगळी मागे घसरली होती, वजनाने फाळक्याचा एक खटका तुटला होता आणि मागचे दोन पाय रस्त्यावर बाहेर आले होते. मागे रिक्षांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले. एका बाईने पोराचे डोळे झाकले. एक जण मोबाइल काढून शूटिंग करू लागला.

त्याने नितेशला फोन लावून म्हैस घसरल्याचं सांगितलं.

"अहो, नीट बांधली नाही का?" नितेश वैतागला. "तुम्हाला येतं म्हणून तर तुम्हाला घेतलं!"

"मला येत नाही."

"म्हणजे काय येत नाही?"

"मला कोणी शिकवलं नाही," कुंडलिक म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हे येणारा एकच माणूस त्याच्या ओळखीत होता. त्याने घरचा नंबर लावला. द्रौपदीने उचलला. तिने त्याचा आवाज ऐकला आणि काही न विचारता फोन आबांच्या कानाला लावला.

"आबा, म्हैस हाये."

"आँ?"

"म्हैस! ट्रेलरवर म्हैस हाये!"

"ऐकू येईना रं. मोठ्यानं बोल."

कुंडलिकने आजूबाजूला बघितलं. रिक्षावाले, मोटरसायकलवाले, मोबाइल धरलेला तो माणूस. मग आरेच्या भर रस्त्यात तो सगळी छाती फोडून ओरडला, "आबा, मेलेली म्हैस हाये! मी मेलेली म्हैस वढतोय! ती घसरलीय, मला बांधता येईना!"

फोनमधून टीव्हीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला. कुंडलिकला वाटलं फोन कट झाला. तो आबा, आबा करत राहिला. मागून कोणीतरी गाडी हटव म्हणून आई काढत होतं.

"कवा मेली?" आबांनी विचारलं.

"काल!"

"मंग ताठली असंल. शिंगाला घातलास का दोर?"

"हो!"

"शिंगाला नसतो घालायचा. मुंडकं फिरतं, धड ऱ्हातं." आबांचा आवाज सपाट होता. गोष्ट सांगताना चढायचा तो आवाजच नव्हता हा. "पुढच्या दोन्ही पायांना घाल. गुडघ्याच्या वरून. दोन वेढे दे, मंग दोन्ही पायांच्या मधून काढून खाली वढ. फास बसला पायजे."

कुंडलिकने फोन स्पीकरवर करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि ट्रेलरवर चढला. गुडघ्याच्या वरून दोन वेढे दिले. मधून काढला. खाली ओढला. दोर कातडीत रुतला आणि फास बसला, असा की जणू त्याच जागी बसायला केलेला. त्याने विंच फिरवली. ते सगळं धूड डोकं वर करून, गुपचूप, नाकाकडे सरकलं. बाहेरचे पाय आत गेले.

साठ वर्षं ज्या माणसाने ह्यातली एक गाठ घरात येऊ दिली नव्हती, त्याच्याकडून कुंडलिक ती गाठ शिकला होता. आणि ती त्याला पहिल्या खेपेलाच जमली, ह्याचं त्याला रडू आलं. हातमोज्याने डोळे पुसता येईनात.

"बसला का?" खिशातून आवाज आला.

"बसला, आबा!"

"हलवून बघ."

त्याने पाय धरून हलवून बघितलं. "हलत नाही!"

"हं," आबा म्हणाले. "आता ऐक नीट. मागच्या पायाचं सांगतो."